फाउस्तोची अंडी आणि फाटकात अडकलेली घरगाडी

१४ ऑक्टोबर, पेर्गामिनोच्या अलीकडे, पेट्रोल पंपावर

उद्या घरी. जवळजवळ नऊ महिने, अख्खा अर्जेंटिना, मागे घरगाडी जोडलेली, आणि गाडीला एक ओरखडा नाही. (मेन्दोसाच्या टोलनाक्यावरचा तो खांब आधीपासूनच वाकडा होता.) दक्षिणेचं टोक बघितलं, उत्तरेची हद्द बघितली. आमच्या असुल गावातल्या कोणी असं काही केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ठराव: गावात पोचल्यावर फुशारकी मारायची नाही. विचारतील तेवढंच सांगायचं. पहिल्या दिवशी फक्त दक्षिण. उत्तर दुसऱ्या दिवशी. लोकांना एकदम पेलणार नाही.

नेलिदा कोर्दोबापासून गप्प आहे. प्रवास संपत आल्याची हुरहुर, दुसरं काय. मी विचारलं, घरी गेल्या गेल्या काय करणार? म्हणाली, "आंघोळ. दार लावून. तू बाहेर." बायकोच्या अपेक्षा किती साध्या!

तुकुमानच्या पंपाचा विषय तिने आज परत काढला. परत एकदा नोंदवून ठेवतो: मी तिला तिथे विसरलो नव्हतो. मी ठरल्या वेळी निघालो. ती गाडीत नव्हती.

१५ ऑक्टोबर

पोचलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाव दुपारचं झोपलेलं. समोरच्या ओफेलियाबाई, अख्ख्या गावाच्या दोन्या ओफेलिया, तेवढ्या फुटपाथ झाडत होत्या. म्हणाल्या, "अय्या, एवारिस्तो! सुटलात का?" त्यांना वाटत होतं मी इतके दिवस हॉस्पिटलात होतो. मी म्हटलं, नाही हो, दक्षिणेच्या टोकाला, उशुआइयाला होतो. त्या म्हणाल्या, तिथलं हॉस्पिटल चांगलं आहे का?

घरगाडी आत घ्यायची म्हणजे रिव्हर्स. प्रवासात मी रिव्हर्स तत्त्व म्हणून टाळला. पुढे जाणाऱ्या माणसाने मागे जायची सवय लावून घेऊ नये. आज नाइलाजाने घेतला. नेलिदा मागे उभी राहून हात हलवत होती. ती डावीकडे म्हणाली की माझं उजवीकडे होत होतं, हा तिच्या हातवाऱ्यांचा दोष. सध्या घरगाडी फाटकात तिरकी बसली आहे. शेपूट अंगणात, तोंड रस्त्यावर. दोन्ही बाजूंनी भिंत. बूच बसतं तशी. पिकअप सोडवून बाजूला लावली.

आत जायला वाट उरली नाही. म्हणून आम्ही घरगाडीच्या दारातून आत शिरलो, पलंगावर चढलो आणि मागच्या खिडकीतून आमच्या अंगणात उतरलो. तात्पुरती सोय.

मग घराची किल्ली लागेना. बेल दाबली. दार उघडलं फाउस्तोने, म्हणजे नेलिदाच्या धाकट्या भावाने. अंगात माझा गाउन. आम्ही या माणसाला फक्त कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं होतं. ओठांवर बोट ठेवून म्हणाला, "दाजी, हळू. पोरं झोपलीत."

पोरं म्हणजे अंडी. न्यांदूची. शहामृगाचा गरीब चुलतभाऊ दिसावा असा आमच्या माळावरचा तो उंच पक्षी, त्याची नारळाएवढी पिवळट अंडी माझ्या दिवाणखान्यात, उबवायच्या मशिनांमध्ये. पडदे बंद. टीव्ही कपाटावर, तोंड भिंतीकडे. फाउस्तोचा धंदा आहे हा. पिसं, कातडं, मांस, सगळं बाहेर जातं म्हणे. आमच्या बेडरूममध्ये तो स्वतः राहतो, कारण तिथून मशिनांचा आवाज ऐकू येतो. बाथरूममध्ये शॉवर सतत चालू, कारण घरात दमटपणा हवा. टबात पाण्याच्या बादल्या आणि पुठ्ठे.

नेलिदा बाथरूमच्या दारात बराच वेळ नुसती उभी होती.

आजची रात्र घरगाडीत काढू. एकच रात्र.

१६ ऑक्टोबर, सकाळ

आज फाउस्तोशी सडेतोड बोलायचं. मुद्दा पहिला: घर माझं आहे. दुसऱ्या मुद्द्याची गरजच पडू नये.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ

बोललो. त्याने मुद्दा जागच्या जागी मान्य केला. "दाजी, घर तुमचंच आहे हो. मी कुठे नाही म्हणतो? जरा ही बाजू धरा." मी धरली. मशिन दुसऱ्या भिंतीशी नेलं. एकंदरीत चर्चा विधायक झाली. अंडी फुटेपर्यंत, म्हणजे महिनाभर तरी, त्याला हलता येणार नाही हे मला पटलं. तसं बघितलं तर मीच त्याला राहायला सांगितलं.

नेलिदाला ही बाजू समजावून सांगितली. ती म्हणाली, "तू त्याला हाकलायला गेला होतास आणि त्याचं सामान उचलून आलास?" बायकांना वाटाघाटी कळत नाहीत.

१९ ऑक्टोबर

घरगाडी अजून फाटकात. घरात जायचं तर आमच्या पलंगावरून जावं लागतं. मला त्याचं काही वाटत नाही, पण फाउस्तोकडे येणारे लोक फार. आज सकाळी डोळे उघडले तर माझ्या छातीच्या वर एक बूट. त्या बुटाचा मालक पशुवैद्य निघाला. अंडी बघायला आलेला. "माफ करा हं," म्हणून खिडकीतून उतरला. जाताना परत तसाच गेला. त्यानंतर दोन्या ओफेलिया, हातात एम्पनाडांचं, म्हणजे मांस भरलेल्या करंज्यांचं ताट. मला वाटलं आमच्यासाठी. फाउस्तोसाठी होतं. मात्र माझ्या पायावर पाय पडल्याबद्दल एक मला दिली.

ठराव: उद्या रिव्हर्स शिकायचा.

२० ऑक्टोबर

पाऊस नाही, पण आभाळ होतं. रिव्हर्स उद्या.

२३ ऑक्टोबर

नगरपालिकेचा माणूस आला. सभ्य गृहस्थ. किती दिवस गाडी अशी राहणार, असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला आत बसवून येर्बाचा कडू काढा दिला आणि सुरुवातीपासून सांगितलं. साउल्को घाटापर्यंत आलो तेवढ्यात त्याला दुसरीकडे काम निघालं. जाताना भारावलेला होता. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

खिडकीवर एक केशरी स्टिकर लावून गेला. मी प्रवासात प्रत्येक प्रांताचे स्टिकर जमवले आहेत, त्यांच्या शेजारी शोभून दिसतो. नेलिदाने चष्मा लावून वाचला. त्यावर गाडी हटवा असं लिहिलं आहे म्हणे. गावांची आपापली शैली असते.

२५ ऑक्टोबर

बोचास क्लबात, जिथे म्हातारे लाकडी गोळे फेकायचा खेळ खेळतात, माझं भाषण. 'चाकांवरचा देश'. मी स्वतःच जाहीर केलं आणि स्वतःच पोस्टर लावलं. गर्दी आटोपशीर: दोन्या ओफेलिया, क्लबचा रखवालदार, जो तिथेच राहतो, आणि फाउस्तो. नेलिदा आली नाही. म्हणाली, "मी तिथे होते ना, एवारिस्तो. मला काय सांगणार?"

प्रस्तावना संपवून मी मुख्य विषयाकडे वळणार तेवढ्यात रखवालदाराने फाउस्तोला विचारलं, न्यांदूचं अंडं फोडायला ड्रिल मशिन लागतं हे खरं का. मग फाउस्तो बोलला. रखवालदाराने बायकोला फोन करून बोलावलं. ती बहिणीला घेऊन आली. शेवटी बरीच गर्दी झाली. फाउस्तो म्हणाला, या पक्ष्यात बाई अंडी घालून निघून जाते, उबवतो तो बाप. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या बायकांनी एकदम टाळ्या वाजवलेल्या मी क्लबात पाहिल्या नव्हत्या.

सभा मी तापवून दिली म्हणूनच त्याला बोलता आलं.

३० ऑक्टोबर

नेलिदा घरात राहायला गेली. फाउस्तोनेच बोलावलं. अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, आणि तिचा हात हलका आहे म्हणे. त्याने तिच्यासाठी टबातल्या बादल्या बाहेर काढल्या. दोन तास आंघोळ. मी खिडकीतून ऐकलं, ती आत गुणगुणत होती. दमट हवेचा परिणाम.

मी घरगाडीतच. कोणीतरी राखण करायलाच हवी. शिवाय इथे सवय झाली आहे. सवय नसलेल्या लोकांना हे समजणार नाही.

फक्त टॉयलेटसाठी आपल्याच घराची बेल वाजवावी लागते, एवढंच.

४ नोव्हेंबर

जुन्या ऑफिसात जाऊन आलो. वीज सहकारी संस्थेत मी मीटर विभागाचा प्रमुख होतो, सगळे ओळखतात. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, बिल भरायचंय का? नवीन असणार. साहेब मीटिंगमध्ये होते. मी काचेतून हात केला. त्यांनीही केला. मग त्यांनी पडदा ओढला. ऊन येत होतं त्यांच्याकडे.

परत येताना एक महान कल्पना सुचली. घाईने लिहीत नाही. नीट मांडतो.

फाउस्तो घरातून का जात नाही? कारण त्याने जग पाहिलेलं नाही. त्याला जग दाखवलं तर तो जाईल. जायला घरगाडी आहे. म्हणजे घरही रिकामं आणि फाटकही. अंड्यांचं काय? अंडी मी सांभाळीन. अंडी फिरवणं यात असं काय आहे? मी पूर्ण जिल्ह्याचे मीटर सांभाळले आहेत.

हळूहळू पटवायचं. त्याला वाटलं पाहिजे की कल्पना त्याचीच.

६ नोव्हेंबर

मानसशास्त्र सुरू. फाउस्तोला सांता क्रूसचं आकाश सांगितलं, वाऱ्यात झोपणारे, उंटासारख्या लांब मानेचे ग्वानाको सांगितले, खडकांवर पसरलेले समुद्रसिंह सांगितले. तो मशिनचं तापमान बघत होता, पण ऐकत होता. नेलिदाही ऐकत होती. मध्येच म्हणाली, "समुद्रसिंह कधी पाहिले आपण?" मी म्हटलं, अगं, पुएर्तो मद्रिनच्या पुढे. गाडीतून दाखवले नव्हते का तुला? ती म्हणाली, "तू हात दाखवलास. बघेपर्यंत गाडी पुढे गेली होती." मी म्हटलं, वेळापत्रक होतं आपलं. ती अंडी फिरवत राहिली.

९ नोव्हेंबर

मानसशास्त्र जोरात. फाउस्तो आणि नेलिदा स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसले होते. मी गेल्यावर गप्प झाले. म्हणजे बी रुजलं. फाउस्तो म्हणाला, "दाजी, दिवाणखान्यात बसून बसून वेड लागायची पाळी आलीय हो." मी नुसतं हसलो. काही दाखवलं नाही.

१२ नोव्हेंबर

जिंकलो!

फाउस्तो जातो म्हणाला. शनिवारी. घरगाडी घेऊन, थेट दक्षिणेकडे. मला विचारलं, "पोरांना सांभाळाल ना, दाजी?" मी तोंडावर थोडी काळजी आणून म्हटलं, बघतो. आतून नाचत होतो. नेलिदाने त्याला गाडी जोडायचं, गॅस बदलायचं, पाण्याची टाकी भरायची, सगळं शिकवलं. हे सगळं तिला येतं हे मला माहीत नव्हतं. माझं बघून बघून आलं असणार.

१५ नोव्हेंबर, सकाळ

गेले.

क्रमाने लिहितो. फाउस्तोने पिकअप जोडली, गाडी जरा पुढे, जरा मागे केली, आणि घरगाडी फाटकातून सुटली. मी इतके दिवस ती मुद्दाम सैल होऊ दिली होती. दोन्या ओफेलियांनी टाळ्या वाजवल्या. नेलिदा पुढच्या सीटवर बसली. मला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाईल, त्याला हायवेचा रस्ता दाखवायला. म्हटलं, येताना पाव आण.

ती काच खाली करून म्हणाली, "एवारिस्तो, मी चाललेय."

मी म्हटलं, हो, कोपऱ्यापर्यंत.

"नाही. समुद्रसिंहांपर्यंत. देवमासे पण बघायचेत. थांबून. जेवण फ्रीजमध्ये आहे, दोन दिवसांचं. अंडी दर काही तासांनी फिरव. त्यांच्याशी जास्त बोलू नकोस."

फाउस्तोने हॉर्न वाजवला. निघाले. माझी योजना होती एका माणसाला बाहेर काढायची, दोन निघाले. म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त यश.

१५ नोव्हेंबर, दुपार

आंघोळ केली. माझ्या बाथरूममध्ये. दार उघडं ठेवून, कारण बंद करायला कोणी नाही.

घर पूर्ण माझं. टीव्ही सरळ केला. रिमोट फाउस्तोच्या बॅगेत गेला असावा.

१७ नोव्हेंबर

नेलिदाचा व्हॉइस मेसेज. सिएरा दे ला वेंताना इथून. वारा, वाऱ्यात तिचं हसणं, मग फाउस्तोचं हसणं. काय झालं ते कळत नाही. तीनदा ऐकला. नेलिदा अशी मोठ्याने हसते हे मी विसरलो होतो. नऊ महिन्यांत एकदाही हसली नव्हती. बहुतेक माझ्या विनोदांना वेळ लागतो, आता समजायला लागले असतील.

दुपारी वीज गेली. मशिनं बंद. ऑफिसला फोन केला. मी मीटर विभागाचा माजी प्रमुख एवारिस्तो बोलतोय म्हटलं. मुलीने विचारलं, ग्राहक क्रमांक?

अंडी थंड व्हायला लागली. घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या. मग माझा गाउन. मग मी स्वतः. बेडरूमच्या पलंगावर मधोमध मी, भोवती अंडी, वर गोधड्या. हलायची सोय नाही. दोन्या ओफेलिया चौकशीला आल्या, त्यांनी मला खिडकीतून पाहिलं. म्हणाल्या, "नेलिदा गेल्यापासून त्रास होतोय का?" मी म्हटलं, उबवतोय. त्या छातीवर क्रॉसची खूण करून गेल्या आणि परत आल्या तेव्हा सूप घेऊन. चमच्याने त्यांनीच पाजलं, माझे हात अंड्यांखाली होते.

संध्याकाळी वीज आली. अंडी परत मशिनांत. एक अंडं माझ्या काखेत राहिलं होतं, ते उठताना सापडलं.

२२ नोव्हेंबर

फुटली. एकामागून एक. मी तिथेच होतो, कारण टीव्ही चालू होत नाही.

काटेरी पिसांची, पट्टेपट्टे असलेली, पाय लांब, चेहरे रागीट. पहिलं बाहेर आलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पायावर येऊन उभं राहिलं. मग बाकीची. मी स्वयंपाकघरात गेलो, सगळी स्वयंपाकघरात. बाथरूममध्ये गेलो, सगळी बाथरूममध्ये. दार लावलं तर बाहेर अशी शिट्टीसारखी रडतात की शेजारी ऐकतात. फाउस्तोला फोन केला. तो आनंदाने ओरडला, "दाजी! तुम्ही बाप झालात!" मी म्हटलं, तू कधी येतोस? तो म्हणाला, "आता त्यांना माझी काय गरज? त्यांना तुम्हीच पाहिजे. पहिला चेहरा बघतात तोच बाप."

नेलिदाला फोन द्यायला सांगितलं. ती किनाऱ्यावर होती, दुर्बीण घेऊन.

ठराव: शिस्त लावायची.

२५ नोव्हेंबर

शिस्त लागत नाही. रात्री पलंगाखाली झोपतात, माझे स्लीपर घेऊन. मी घोरलो की उत्तर देतात.

बाजारात गेलो तर मागून रांग. पोस्टमनने सायकल थांबवून वाट दिली. कोबी घेतला. घरी येईपर्यंत त्याचा देठ उरला.

२८ नोव्हेंबर

काल नेलिदा बोलली, बराच वेळ. पुएर्तो मद्रिनला मुक्काम आहे. म्हणाली, "तुला यायचं असेल तर बसने ये. गाडी मी चालवीन. तू शेजारी बसायचं आणि बघायचं." मी म्हटलं, विचार करून सांगतो. फोन ठेवताच बॅग भरली. अंगणात दोन्या ओफेलियांना बोलावलं, पक्षी त्यांच्या ताब्यात दिले, फाटक लावलं आणि स्टँडवर गेलो.

बस आली होती. तिकीट हातात. ड्रायव्हर माझ्या मागे बघत होता. म्हणाला, "काका, ही सगळी तुमची?"

मी म्हटलं, नाही. मी यांना ओळखत नाही.

सर्वांत छोटं माझ्या बुटावर बसलं आणि झोपलं. बाकीची पायऱ्या चढून बसमध्ये शिरली. एक बाई किंचाळली. ड्रायव्हरने सगळ्यांना एकेक करून खाली उतरवलं, शेवटी मला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, पोरांना टाकून असं जाऊ नये.

दोन्या ओफेलिया धापा टाकत पोचल्या तेव्हा बस निघून गेली होती. फाटकाचा काही उपयोग नाही म्हणाल्या. ती सगळी गजांतून मान बाहेर काढून कडी उघडतात.

२९ नोव्हेंबर

नेलिदाला फोन केला. येत नाही म्हणून सांगायला. कारण सांगणार होतो, हवामान वगैरे, पण तिनेच विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हटलं. मग माझ्याही नकळत मी विचारलं, आज काय बघितलंस?

ती सांगायला लागली. होडी कशी हलत होती, पाणी कसं काळं झालं, आणि मग होडीच्या अगदी शेजारी देवमाशीण पिल्लाला घेऊन वर आली, आणि तिचा डोळा दिसला. तो डोळा नेलिदाकडे बघत होता. फाउस्तो रडला म्हणे. ती थांबून थांबून सांगत होती, जसं समोर दिसतंय तसं. मी खुर्चीवर बसलो होतो. पोरं पायाशी गोळा झाली होती. इतका वेळ नेलिदा माझ्याशी सलग बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणाली, "एवारिस्तो, आपल्या घराएवढी होती रे ती."

मी मध्ये एकदाही बोललो नव्हतो. फक्त तेवढं एक दुरुस्त केलं. आपलं घर मी स्वतः मोजलेलं आहे. मागची पडवी धरली तर देवमासा त्याच्या निम्माही भरत नाही.

फोन कट झाला. किनाऱ्याकडे रेंज नसते.